खुर्ची, पायरी आणि गयाबाईंची दाढ

दिवाळीच्या अंकात दातांच्या माणसानं लिहावं, हा संपादकांचा धाडसी विचार आहे. वाचकाच्या एका हातात अंक आणि दुसऱ्या हातात कडक चकली असणार, आणि मी दाढेच्या मुळांबद्दल बोलणार. चकली खाली ठेवा असं मी म्हणत नाही. माझ्या धंद्याला कडक चकलीनं पुष्कळ हातभार लावला आहे.

निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या बाजारात दातांचा दवाखाना चालवला. लोक मला डॉक्टर म्हणत आणि मी त्यांना अडवत नसे. खरं सांगायचं तर कॉलेजची पायरीही मी चढलो नव्हतो. सिकंदराबादला एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाच्या हाताखाली उमेदवारी केली. त्यांची हत्यारं उकळली, प्लास्टर कालवलं, ओरडणाऱ्या लोकांची डोकी धरली, आणि हळूहळू पक्कड माझ्या हातात आली. निरोप देताना साहेब म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. डोळ्यांचं काही सांगता येत नाही."

डोळ्यांचं लवकरच कळलं. जालन्यातलं माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कचेरीतले एक पेशकारसाहेब. शेरवानी, अत्तर, वर गालाला हात. मी मोठ्या रुबाबात इंजेक्शन दिलं, पक्कड लावली, मनगट फिरवलं आणि दात काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. पांढराशुभ्र, मुळापर्यंत निरोगी दात. पेशकारसाहेबांनी तो हातात घेऊन उलटा सुलटा पाहिला आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "मियाँ, ये तो अच्छावाला था." त्यांनी मग शेजारचा किडका दातही मलाच काढू दिला. एवढी सभ्यता मी पुन्हा पाहिली नाही. तेव्हापासून मात्र पक्कड लावण्याआधी मी दातावर आरशाच्या दांडीनं टकटक करतो आणि माणूस कोणत्या दाताला दचकतो ते बघतो.

आता खुर्चीबद्दल. साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांची जुनी खुर्ची मी घेतली. ओतीव लोखंडाची, पायानं दांडा दाबला की वर जाणारी, पाठ मागे झुकणारी, आणि डोकं टेकवायला चामड्याच्या दोन लहान गाद्या असलेली. रेल्वेनं ती जालन्याला आली आणि स्टेशनातून बैलगाडीवर बाजारात निघाली तेव्हा मागे लोकांची रांग लागली होती. कुणी म्हणालं सुभेदारसाहेबांसाठी आली, कुणी म्हणालं तोफेचा गाडा आहे. समोरचा न्हावी आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं मी त्याच्या धंद्यात उतरतो आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दात काढणं म्हणजे ताकदीचं काम. तसं नाही. दात उपटायचा नसतो, हाडातून सैल करायचा असतो. त्यासाठी डोकं हलता कामा नये आणि उजेड थेट तोंडात पडला पाहिजे. या दोन गोष्टींसाठीच ती खुर्ची. ती मी उत्तरेच्या खिडकीसमोर रोवून घेतली होती. शेजारी फळीवर काचेचा पेला आणि खाली पितळेचं पिकदान. खुर्चीत बसलेला माणूस, मग तो कोण का असेना, तहसीलदार झाल्यासारखा दिसायचा.

कोण का असेना असं मी आता लिहितो. तेव्हा मात्र महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूस खुर्चीत बसत नसे. त्याच्यासाठी ओट्याखालची दगडी पायरी होती. तो पायरीवर बसायचा, मी त्याच्या मागे ओट्यावर बसून त्याचं डोकं गुडघ्यांत पकडायचो आणि उन्हाच्या उजेडात काम उरकायचो. चूळ भरायला काचेचा पेला नाही, नारळाची करवंटी. ती पायरीशेजारच्या कोनाड्यात असायची. गंमत बघा, या व्यवस्थेबद्दल मला स्वतःचं फार कौतुक होतं. बाकीचे तर या लोकांना शिवतही नाहीत, मी त्यांच्या तोंडात बोटं घालतो! मी स्वतःला सुधारक समजत होतो. सुधारक माणूस घरी गेल्यावर आईच्या सांगण्यावरून मागच्या दारी अंघोळ करायचा, तो भाग मी चारचौघांत सांगत नसे.

दुकान एका शेठजींच्या मालकीचं होतं. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, हे जालन्यातच जन्मले, कापसाच्या व्यापारात मोठे झाले. स्वभाव तसा दिलदार, पण शिवाशिवीच्या बाबतीत कडक. त्यांचे वरचे सगळे दात मीच एकेक करून काढले होते आणि आता वरच्या जबड्याची कवळी करायची होती. नातवाचं लग्न तोंडावर आलं होतं. पंगतीत बसून मऊ भात चिवडायची त्यांची तयारी नव्हती.

तर त्या दिवशी सकाळी शेठजी खुर्चीत होते आणि मी त्यांच्या जबड्याचा ठसा घेत होतो. ठसा म्हणजे काय, तर पत्र्याच्या पळीसारख्या साच्यात पातळ प्लास्टर भरायचं, ते टाळूला दाबून धरायचं आणि घट्ट होईपर्यंत वाट बघायची. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही. प्लास्टर लवकर आळावं म्हणून पाण्यात मिठाची चिमूट टाकतात. शेठजींना घाई होती, म्हणून मी चिमटीऐवजी मूठ म्हणावी इतकं मीठ टाकलं. परिणाम असा झाला की प्लास्टर आळलं ते थेट किल्ल्याच्या भिंतीसारखं. साचा हलेना. मी शेठजींना म्हणालो, "नाकानं श्वास घ्या, सगळं बराबर आहे." आपण खोटं बोलतोय हे फक्त मला माहीत होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली.

एक बाई उभी होती. तिशीच्या आतबाहेरची. डोक्यावरून पदर, आणि पदराच्या आत चेहऱ्याची डावी बाजू एवढी सुजलेली की डोळा अर्धा मिटला होता. मी खुर्चीशेजारूनच ओरडलो, "कुठून आलीस गं?"

"बदनापूर," ती म्हणाली. "रेल्वेच्या ग्यांगमधल्या तुकारामाची मी मंडळी. गयाबाई."

महारवाड्यातली, हे मला कळलं. तुकारामही आठवला. काही महिन्यांपूर्वी याच पायरीवर मी त्याची दाढ काढली होती. म्हणजे अर्धी काढली होती, मूळ आत मोडलं होतं.

"बस पायरीवर," मी म्हणालो. "शेठजींचं झालं की येतो."

ती बसली नाही. उभी राहिली. तिचा जबडा एका बोटाएवढा उघडत होता, आणि त्या फटीतून ती एकेक शब्द बाहेर काढत होती.

"पायरीवर न्हाई. तिथं." तिनं हात केला तो खुर्चीकडे.

खुर्चीतून शेठजी म्हणाले, "उं!"

मी तिच्याजवळ गेलो. सूज बोटानं चाचपली. सूज गालावर असते तोवर ठीक; तिची जबड्याच्या काठाखाली उतरून गळ्याकडे निघाली होती. कातडी चकचकीत, तापलेली. अशी सूज गळ्यात उतरली की माणूस दातानं मरत नाही, श्वास कोंडून मरतो. सिकंदराबादला एक शिपाई असा गेलेला मी पाहिला होता. दाढ काढून आतला पू बाहेर आणणं हाच उपाय, आणि तोही त्याच दिवशी.

"बाई, हे साधं दुखणं नाही," मी म्हणालो. "लगेच काढायला पाहिजे. बस खाली, मी हत्यारं आणतो."

"आमच्या मालकाला बशिवलं व्हतं तुमी पायरीवर."

"मूळ मोडलं ते माझं चुकलं. पण..."

"मूळ मोडलं त्याचं काय न्हाई." ती थांबली. श्वास घेतला. "घरी आले तर बोलंनात. म्या म्हनलं लई दुखतंय का. म्हनले, न्हाई. लेकरांनी इचारलं, बाबा, ती मोठी खुर्ची पाह्यली का? तर उठून भायर गेले."

बाजार तोवर गोळा झाला होता. न्हावी वस्तरा हातात घेऊन, पानवाला पान अर्धवट गुंडाळून, आणखी चारजण ओट्याच्या कडेला. कोणीतरी म्हणालं, "अगं, जीव वाचव आधी, खुर्चीचं काय घेऊन बसलीस?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "डाक्टर, तुमचा हात माझ्या तोंडात जानार का न्हाई?"

"जाणार."

"मंग खुर्चीला काय व्हतं?"

इतकी वर्षं मी लोकांच्या तोंडात बोटं घालून राह्यलो होतो, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. तिला अंगात ताप असताना, जबडा उघडत नसताना सुचलं.

खुर्चीतून शेठजींचं "उं! उं!" वाढलं. एक बोट हवेत हलत होतं. नाही, नाही, बिलकुल नाही असं ते म्हणत असावेत. तोंडात प्लास्टर असल्यामुळे त्यांचं म्हणणं नोंदवता आलं नाही.

ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, "शेठजी, तुमचं होऊ द्या. घाई न्हाई. माझा नंबर तुमच्या मागं."

न्हावी हसला आणि लगेच खोकला.

मी काय काय तोडगे काढले ते आता सांगायलाही हसू येतं. म्हणालो, आत स्टूल ठेवतो, स्टुलावर बस. ती म्हणाली, स्टुलाला डोकं कुठं टेकवू? म्हणालो, बरं, खुर्चीवर चादर टाकतो. ती म्हणाली, "शेठजीला टाकली का?"

शेठजींच्या खाली चादर नव्हती.

"रेल्वेचं तिकीट काढलं," ती म्हणाली, "तर बाकावर बसून आले. बाकानं इचारलं न्हाई. दुपारची गाडी आली की जाते."

"जाशील तर मरशील!"

"मंग मरंन." हे ती रागानं म्हणाली नाही. भाजीचा भाव पटला नाही की बायका पुढच्या दुकानाकडे निघतात, तशा आवाजात म्हणाली. दुखणाऱ्या दातापुढे मी फौजदार रडलेले पाहिले आहेत, पैलवान माझ्या पाया पडलेले पाहिले आहेत. आणि ही बाई, सुटका चार हातांवर असताना, दारात उभी होती. पायरी मोकळी होती. अंगात ताप होता, म्हणून तिनं चौकट धरून ठेवली होती. पण ती पायरीवर टेकली नाही.

आधी शेठजींना सोडवणं भाग होतं. मी छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन प्लास्टर तोंडातल्या तोंडात फोडलं. साधारण ठसे असेच तुकड्या-तुकड्यांनी काढून पुन्हा जोडतात, पण माझ्या मिठाच्या प्रतापानं शेठजींच्या ठशाचा चुराच झाला. शेठजी थुंकले, तोंड पुसलं, आणि बिनदातांच्या जबड्यातून म्हणाले, "डॉक्टर, दुकान माझं हाय. याद राखा. ती खुर्चीत बसली तर मी यात परत बसनार न्हाई. आन् तुमी पण या दुकानात बसनार न्हाई."

ते दाराशी आले. गयाबाई वाटेत होत्या. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी झटकन लांब व्हायला हवं होतं. त्या बाजूला झाल्या, पण पदर नीट करायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेऊन. शेठजी तेवढा वेळ उभे राहिले. मग ओट्यावर जाऊन थांबले, मी काय करतो ते बघायला.

आणि मी काय केलं? शूर माणसानं काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी ते केलं नाही. माझ्या डोक्यात विचार आला की खुर्चीच उचलून ओट्यावर न्यावी! म्हणजे बाई खुर्चीत बसेल आणि दुकानात येणारही नाही. शेठजींचा मान राहील, बाईंचाही राहील. मी स्वतःच्या अकलेवर खूष होऊन खुर्चीला मिठी मारली आणि जोर लावला. ओतीव लोखंड, शिवाय फरशीत रोवलेलं. खुर्ची जागची हलली नाही. माझ्या कमरेत मात्र काहीतरी कट्‌ झालं आणि मी तसाच वाकलेला राहिलो, खुर्चीला आलिंगन देऊन. ओट्यावर सगळे हसत सुटले.

गयाबाई हसल्या नाहीत. हसण्यासारखा जबडाच नव्हता त्यांचा. त्या म्हणाल्या, "ती जड हाये, डाक्टर. मी हलकी हाये. मीच येते आत."

आणि उंबरा ओलांडून आत आल्या.

हसणं थांबलं. माझ्या दुकानात, फरशीवर, अनवाणी पावलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. त्या खुर्चीजवळ आल्या. खुर्चीच्या हातांवर, पाठीवर एकदा हात फिरवला, जणू लेकरांना घरी जाऊन सांगायचं होतं. मग बसल्या आणि डोकं मागे टेकवलं. मी कमरेवर हात ठेवून सरळ झालो आणि तोंडातून शब्द गेला, "बसा." त्या आधीच बसल्या होत्या. पण आयुष्यात पहिल्यांदा मी महारवाड्यातल्या माणसाला 'बसा' म्हणालो होतो, ते थोडं उशिरा का होईना, म्हणून घेतलं.

मग त्यांनी तोंड उघडलं. उघडवत नव्हतं, तरी उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज नव्हता. पू झालेल्या जागी इंजेक्शन फारसं लागू पडत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. त्यांनी पापण्या मिटून होकार दिला. उत्तरेचा उजेड थेट दाढेवर पडला, डोकं गाद्यांत घट्ट बसलं. टकटक करून खात्री केली, पक्कड लावली, हळूहळू बाहेरच्या बाजूला, मग आत, पुन्हा बाहेर. दाढ निघाली. दोन्ही मुळं सलग. तिच्यामागून पू आणि रक्त भळभळा आलं, आणि ते पाहून मला इतका आनंद झाला की तो सांगितला तर तुम्ही चकली खरंच खाली ठेवाल.

चूळ भरायला द्यायचं होतं. सवयीचा हात बघा. तो दाराबाहेर पायरीपर्यंत गेला, कोनाड्यातून करवंटी घेतली, तीत लाल औषधाचं पाणी ओतलं आणि गयाबाईंसमोर धरली.

त्यांनी ती घेतली नाही.

तोंड रक्तानं भरलेलं होतं. बोलता येत नव्हतं. थुंकता आलं असतं, त्या थुंकल्या नाहीत. गिळलंही नाही. ओठ मिटून, गाल फुगवून, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग नजर फळीवर नेली, जिथं काचेचा पेला होता, आणि परत माझ्याकडे. मी कित्येकांना ओरडताना, शिव्या देताना, देवाचा धावा करताना पाहिलं आहे. पण तोंडभर रक्त धरून एक माणूस इतकं स्पष्ट बोललेलं मी तेव्हाच पाहिलं. माझी कमर दुखत होती, ओट्यावर घरमालक उभा होता, आणि मला त्या क्षणी या बाईसमोर उभं राहायला मिळालं हेच मोठं वाटून राह्यलं होतं.

मी पेला दिला. त्यांनी चूळ भरली, पिकदानात टाकली, पुन्हा भरली. पेला उरलेल्या पाण्यानं विसळून स्वतःच्या हातानं फळीवर परत ठेवला.

मी हळूच विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लई भेल्ते," त्या म्हणाल्या. "तुमच्या पकडीला."

दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात तुकाराम येऊन सांगून गेला की सूज उतरली, भाकरी खाऊन राह्यली. जाताना त्यानं मोडक्या मुळाचं विचारलं, आणि मी त्याला आत बोलावलं.

शेठजींनी दुकान रिकामं करायला सांगितलं. गिऱ्हाईक काही दिवस फिरकलं नाही. न्हाव्याकडे दाढी करताना लोक माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. मी सामान बांधायला घेतलं होतं. पण लग्नाची तारीख काही कोणासाठी थांबत नव्हती, आणि जालन्यात कवळी करणारा दुसरा कोणी नव्हता. एका सकाळी शेठजी ओट्यावर आले. आधी म्हणाले, खुर्ची हवेलीवर घेऊन या. मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना आठवलं. मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, "धुतली का?"

"रोज धुतो, शेठजी. तुमच्या आधी पण, आणि तुमच्या नंतर पण."

शेठजींनी पायातले जोडे काढले. मग आत आले आणि बसले. मी या वेळी मीठ चिमटीनंच घेतलं. ठसा उत्तम आला. बांधलेलं सामानही मी सोडलं. दुकान रिकामं करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही. लग्नात ते जिलेबी चावून खात होते आणि पाहुण्यांना कवळी काढून दाखवत होते. खुर्चीचं कोणाला सांगितलं नसावं.

करवंटी मी फेकून दिली. खेड्यांतून येणारे लोक मात्र बरेच दिवस आपणहून पायरीवरच बसायचे. मी दारातून 'आत या' म्हटलं तर उठून पळायच्या बेतात असायचे. त्यांना माझ्या शब्दावर भरवसा का असावा?

बाजाराच्या एका दिवशी गयाबाई आल्या. डोक्यावर भाजीची पाटी, सोबत बदनापूरच्या दोन बायका. पाटी ओट्यावर ठेवली, आत आल्या, भिंतीलगत मी नव्यानं ठेवलेल्या बाकावर बसल्या. पायरीवर गालाला फडकं बांधून बसलेला एक म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. मी हत्यारं पुसत पुढे झालो.

"काय दुखतंय, बाई?"

"काय न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "बसायला आले."

त्या बसल्या, पाणी मागितलं, सावकाश प्यायल्या. थोड्या वेळानं म्हातारा उठला, उंबऱ्याशी अडखळला, आणि त्यांच्या शेजारी बाकावर येऊन टेकला. तेव्हा त्या उठल्या, पाटी उचलली आणि बाजारात गेल्या.

मी हैदराबाद संस्थान संपेपर्यंत तिथं होतो. प्रत्येक बाजाराला त्या येत. त्यांचा दात पुन्हा कधी दुखला नाही.